डीएक्सओमार्कच्या आकड्यांवरून लेन्स निवडताना

नवी लेन्स घेण्यापूर्वी तिचा डीएक्सओमार्कवरील गुण पाहून घेणे, हा आपल्याकडच्या छायाचित्रकारांमध्ये बराच रुळलेला रिवाज आहे. डीएक्सओ लॅब्ज या फ्रेंच कंपनीने २००८ साली सुरू केलेली आणि २०१७ साली वेगळी कंपनी झालेली ही चाचणी-सेवा कॅमेऱ्यांचे सेन्सर, त्यांवर लावलेल्या लेन्सेस आणि अलीकडे प्रामुख्याने मोबाइल फोन यांची प्रयोगशाळेत मोजणी करते, आणि लेन्सेसचे निष्कर्ष कोणालाही विनामूल्य पाहता येतात. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ठळक अक्षरांतला एकूण गुण हा या सेवेतला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे, आणि त्याखाली दडलेली कोष्टके व आलेख हा सर्वांत मोलाचा. मात्र आपले छायाचित्र शेवटी कशावर आणि किती मोठे पाहिले जाणार आहे, याचा हिशेब आधी मांडलेला नसेल, तर त्या कोष्टकांतूनही फारसे काही हाती लागत नाही.

प्रथम त्या ठळक गुणाविषयी. हा गुण काढताना १५० लक्स इतका प्रकाश आणि एक साठांश सेकंदाचे एक्स्पोजर अशी परिस्थिती गृहीत धरलेली असते, म्हणजे साधारणपणे संध्याकाळी दिवे लावलेल्या खोलीत कॅमेरा हातात धरून काढलेले छायाचित्र. एफ-आकडा जितका लहान, तितके लेन्सचे अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, मोठे; त्यामुळे अशा परिस्थितीत एफ/१.४ची लेन्स एफ/२.८च्या लेन्सपेक्षा चौपट प्रकाश आत घेते आणि तेवढ्यावरच तिचा गुण वर चढतो. ज्याला लग्नाच्या हॉलमध्ये फ्लॅशविना काम करायचे आहे, त्याच्यासाठी हे गृहीतक रास्त आहे. पण रायगडावर पहाटे ट्रायपॉड रोवून, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) १०० आणि एफ/८ ठेवून निसर्गचित्र काढणाऱ्याला या गुणाशी काहीही देणेघेणे नाही, कारण त्याच्या छायाचित्रात लेन्सचे मोठे अ‍ॅपर्चर वापरलेच जाणार नसते. दहावीच्या टक्केवारीवरून मुलाची चित्रकला ओळखता येत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की हा गुण एकट्या लेन्सचा नसून लेन्स आणि बॉडी (लेन्सविना कॅमेरा) या जोडीचा असतो. एकाच कंपनीने बनवलेली एकच लेन्स कॅनन आणि निकॉन या दोन माउंटमध्ये (कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याच्या खाचांमध्ये) मिळत असेल, तर दोन वेगळ्या सेन्सरवर मोजल्यामुळे तिला दोन वेगळे गुण मिळतात, आणि वाचणारा मात्र ‘निकॉनवर ती चांगली चालते’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. तुलना करायचीच असेल तर बॉडी तीच ठेवून करावी. तशी निवड या सेवेत करता येते, हे तिच्या बाजूने सांगायला हवे.

शार्पनेससाठी तिथे २०१२च्या अखेरीपासून ‘पर्सेप्च्युअल मेगापिक्सेल’ हे एकक वापरले जाते. समजा, २४ मेगापिक्सेलच्या बॉडीवर एखाद्या लेन्सला १५ असा आकडा मिळाला, तर त्या जोडीतून मिळणारा तपशील, माणसाच्या डोळ्याला जाणवेल त्या मापाने, एखाद्या निर्दोष लेन्सच्या १५ मेगापिक्सेलइतका आहे, असा त्याचा अर्थ. कल्पना चांगली आहे. मात्र हा आकडा काढण्याची रीत लक्षात ठेवली पाहिजे. प्रत्येक फोकल लेंथला (दृश्य किती रुंद वा किती जवळचे येते ते ठरवणारे मिलिमीटरमधले माप), प्रत्येक अ‍ॅपर्चरला, कोपऱ्यांना कमी वजन देऊन एक आकडा काढला जातो. मग सर्व अ‍ॅपर्चरमधला सर्वांत चांगला तेवढा निवडला जातो. आणि झूम, म्हणजे फोकल लेंथ बदलता येणारी लेन्स, असेल तर निरनिराळ्या फोकल लेंथच्या अशा सर्वोत्तम आकड्यांची सरासरी घेतली जाते. याचा परिणाम असा होतो, की एफ/१.४ला धूसर असलेली पण एफ/५.६ला लखलखीत असलेली लेन्स आणि एफ/१.४पासूनच कामाची असलेली लेन्स, या दोघी शार्पनेसच्या आकड्यात शेजारी-शेजारी बसू शकतात. जास्तीचे पैसे ज्या एफ/१.४साठी मोजायचे, त्याच एफ/१.४ला लेन्स कशी आहे, हे या एका आकड्यात कुठेच नसते. २४-७०सारख्या झूममध्ये रुंद टोक उत्तम आणि लांब टोक सुमार असेल, तर सरासरीत दोन्ही बुडून जातात. व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला नेमके ७०चेच टोक हवे असते.

म्हणून मोजणीच्या पानावर गेल्यावर गुणाकडे पाठ फिरवून थेट तपशिलांत शिरावे. तिथे प्रत्येक अ‍ॅपर्चर आणि फोकल लेंथसाठी शार्पनेसचा नकाशा दिलेला असतो, आणि त्यासोबत ट्रान्समिशन, व्हिन्येटिंग (कोपरे काळवंडणे), डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणे) व क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन (कडांवर रंगांची झालर) यांचे आकडे असतात. यांपैकी ट्रान्समिशन हा आकडा, माझ्या मते, या सेवेची खरी देणगी आहे. लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा हे केवळ भूमितीचे गुणोत्तर असते. काचांच्या थरांतून प्रत्यक्षात किती प्रकाश पलीकडे पोहोचतो, हे टी-आकडा सांगतो, आणि उत्पादक तो सहसा छापत नाहीत. एफ/२.८ म्हणून विकल्या जाणाऱ्या झूमचा टी-आकडा ३.२ भरला, तर त्या आकड्याच्या हिशेबाने मिळायला हवा त्यापेक्षा जवळजवळ पाव प्रकाश वाटेतच हरवतो. दोन झूममध्ये किमतीचा फरक मोठा असेल आणि टी-आकडा सारखाच असेल, तर हॉलमधल्या कामापुरता तरी एक मुद्दा निकालात निघतो.

व्हिन्येटिंगचा आकडाही असाच बोलका आहे, पण तो वाचताना पुढचा परिणाम डोळ्यांसमोर आणावा लागतो. कोपऱ्यात २ ईव्ही, म्हणजे दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), इतकी घट म्हणजे तिथे मध्यभागाच्या एक चतुर्थांश प्रकाश पोहोचतो. सॉफ्टवेअरने तो कोपरा उजळता येतो हे खरे, परंतु आयएसओ ३२००ला काढलेल्या छायाचित्राचा कोपरा दोन स्टॉप उजळला की तिथला नॉइज आयएसओ १२८००च्या छायाचित्रासारखा दिसू लागतो. स्टेजवर दोन्हीकडची मंडळी उभी राहतात आणि कडेला उभ्या असलेल्या मावशी-काकांचे चेहरे दाणेदार येतात, त्यात कॅमेऱ्याच्या सेन्सरइतकाच लेन्सच्या या आकड्याचा हात असू शकतो.

डिस्टॉर्शनच्या बाबतीत मात्र आकडा पाहून घाबरून जाऊ नये. डीएक्सओमार्कची मोजणी रॉ फाइलवर (सेन्सरच्या अदुरुस्त नोंदीवर) होते, आणि मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी आज बनणाऱ्या अनेक लेन्सेस सॉफ्टवेअरने दुरुस्ती होणार हे गृहीत धरूनच आखलेल्या असतात. कॅननची आरएफ १६ मिलिमीटर एफ/२.८ ही लहान, हलकी आणि तुलनेने स्वस्त लेन्स याचे ठळक उदाहरण आहे. तिची अदुरुस्त फाइल उघडली तर पिंपासारखा फुगवटा दिसतो, आणि कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये तो नाहीसा झालेला असतो. प्रश्न फुगवट्याचा नसून त्याच्या दुरुस्तीच्या किमतीचा आहे. कोपरे ताणले गेले की तिथले पिक्सेल विरळ होतात आणि रॉवर मोजलेला कोपऱ्याचा शार्पनेस दुरुस्तीनंतर तसाच राहत नाही. म्हणून अशा लेन्सच्या बाबतीत डिस्टॉर्शनचा आणि कोपऱ्याच्या शार्पनेसचा आकडा सुटासुटा न वाचता एकत्र वाचावा.

आता त्या हिशेबाकडे येतो, ज्याविना हे सगळे आकडे अधांतरी राहतात. लेन्सची क्षमता मोजण्याची मूळ पद्धत म्हणजे एमटीएफ. काळ्या-पांढऱ्या रेषांच्या जोड्या लेन्समधून सेन्सरवर उतरताना त्यांच्यातला कॉन्ट्रास्ट किती टिकला, हे ती ० ते १ या मापाने सांगते; तिच्या आलेखात उभ्या अक्षावर हा कॉन्ट्रास्ट आणि आडव्या अक्षावर प्रतिमेच्या मध्यापासूनचे अंतर असते. १० रेषाजोड्या प्रति मिलिमीटर हे ठळक आकारांचे माप आणि ३० रेषाजोड्या प्रति मिलिमीटर हे बारीक तपशिलाचे माप, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण ‘बारीक’ म्हणजे किती बारीक, हे छायाचित्र कुठे पाहणार यावर ठरते, आणि ते काढायला साधा भागाकार पुरतो.

फुलफ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. इन्स्टाग्रामसाठी आडवे छायाचित्र १०८० पिक्सेल रुंदीला उतरवले, तर त्यात जास्तीत जास्त ५४० रेषाजोड्या मावतात. म्हणजे सेन्सरच्या भाषेत मिलिमीटरला १५. याचा अर्थ असा, की ज्याची छायाचित्रे फक्त तिथेच जाणार आहेत, त्याच्यासाठी ३० रेषाजोड्यांचा आलेख कितीही देखणा असला तरी त्यातला तपशील लोकांपर्यंत पोहोचण्याची सोयच नाही. उभे छायाचित्र टाकले तर सेन्सरच्या २४ मिलिमीटर बाजूवर तेच १०८० पिक्सेल पसरतात आणि मर्यादा २२.५ पर्यंत जाते, इतकाच फरक. फुल एचडी पडद्यावर हीच मर्यादा सुमारे २७, आणि फोर-के पडद्यावर सुमारे ५३ भरते.

लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे एक पान १२ बाय १८ इंचांचे धरले, तर फुलफ्रेम सेन्सरवरची प्रतिमा त्यावर सुमारे १२.७ पट मोठी होते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपक्यांनी) छापलेल्या कागदावर मिलिमीटरला फार तर सहा रेषाजोड्या उमटू शकतात. सेन्सरवर त्या सुमारे ७५ होतात. म्हणजे इथे लेन्सची खरी कसोटी लागते. तरीसुद्धा हातभर अंतरावरून अल्बम चाळणाऱ्या डोळ्याची संवेदना मिलिमीटरला सुमारे एक रेषाजोडी इतक्या जाडीच्या तपशिलाला सर्वांत तीव्र असते, आणि ती सेन्सरवर तेरा रेषाजोड्यांच्या आसपास पडते. छायाचित्राला ‘जान आहे’ असे लोक ज्या गुणामुळे म्हणतात, तो बहुतांशी या पट्ट्यातला कॉन्ट्रास्ट असतो. म्हणूनच १० रेषाजोड्यांची वरची रेघ पाहून ‘ती तर सगळ्याच लेन्सची वर असते’ म्हणत तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला पटत नाही. तिथला ०.९५ आणि ०.८५ यांतला फरक अल्बमच्या पानावर दिसतो. ३० रेषाजोड्यांवरचा तेवढाच फरक भिंग लावल्याशिवाय अनेकांना दिसत नाही.

जाता जाता सांगायला हरकत नाही, की चौकाचौकांत लागणाऱ्या वाढदिवसाच्या फ्लेक्सना या हिशेबात फार खालचे स्थान आहे. फ्लेक्स वीस फुटी असला तरी तो रस्त्यापलीकडून पाहिला जातो, आणि अंतराच्या प्रमाणात डोळ्याची मागणी उतरते. साहेबांच्या फ्लेक्ससाठी महागडी प्राइम (एकाच फोकल लेंथची लेन्स) लागते, ही समजूत विक्रेत्याच्या सोयीची आहे.

क्रॉप बॉडी, म्हणजे फुलफ्रेमहून लहान सेन्सरचा कॅमेरा, वापरणाऱ्यांनी या हिशेबात एक दुरुस्ती करावी. त्यांचा सेन्सर लहान असल्याने तेच अल्बमचे पान भरायला प्रतिमा दीडपट जास्त मोठी करावी लागते, त्यामुळे फुलफ्रेमवर १० रेषाजोड्या जे काम करतात ते इथे १५ करतात आणि ३०चे काम ४५ करतात. फुजीफिल्म आपल्या एक्स माउंटच्या लेन्सेसचे आलेख १५ आणि ४५ला का देते आणि त्याहूनही लहान सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्ससाठी ऑलिम्पसचे आलेख २० आणि ६०ला का असतात, याचे उत्तर यातच आहे. दोन निरनिराळ्या आकारांच्या सेन्सरसाठीचे आलेख शेजारी ठेवून ‘हिची रेघ वर, तिची खाली’ म्हणणे त्यामुळेच फसवे ठरते. उलट फुलफ्रेमची लेन्स क्रॉप बॉडीवर लावणाऱ्याने आलेखाच्या आडव्या अक्षावर १४ मिलिमीटरच्या पुढे पाहूच नये. उरलेला, बहुधा सर्वांत घसरलेला भाग त्याच्या सेन्सरबाहेर पडतो.

उत्पादकांच्या आलेखांचा विषय निघालाच आहे, तर डीएक्सओमार्कच्या तुलनेत ते कुठे उभे राहतात हेही पाहू. निकॉन आलेख देते ते फक्त पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचे; सोनी पूर्ण उघडे आणि एफ/८ असे दोन्ही देते; झाइस १०, २० आणि ४० रेषाजोड्यांवर आणि प्रत्यक्ष मोजलेले देते. बाकी बहुतेकांचे आलेख संगणकावर आराखड्यावरून काढलेले असतात, म्हणजे कारखान्यातून कधीच न निघालेल्या एका आदर्श लेन्सचे असतात. त्यातही काही जुने आलेख केवळ प्रकाशकिरणांच्या भूमितीवर बेतलेले असून त्यांत डिफ्रॅक्शन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) धरलेलेच नसते. हे ओळखायची एक खूण आहे. हिरव्या प्रकाशासाठी हिशेब केला तर एफ/८ला ३० रेषाजोड्यांवर निसर्गनियमाने शक्य असलेला कमाल कॉन्ट्रास्ट सुमारे ०.८३ इतका येतो. कुठल्या आलेखात एफ/८ची ३० रेषाजोड्यांची रेघ ०.९च्या वर दिसली, तर ती लेन्स थोर नसून आलेख अपुरा आहे. कॅननने अलीकडच्या काळात आपली पद्धत बदलून डिफ्रॅक्शन हिशेबात घेतले, त्यामुळे तिचे जुने आणि नवे आलेखही एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. सिग्मा दोन्ही प्रकारचे आलेख देते, आणि ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

डिफ्रॅक्शनचा हाच नियम निसर्गचित्रकारांना आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. जवळच्या कातळापासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट यावे म्हणून एफ/१६ लावण्याची सवय अनेकांना असते. एफ/१६ला ३० रेषाजोड्यांवरची कमाल मर्यादाच ०.६७ला येऊन थांबते, मग लेन्स लाखाची असो वा दहा हजारांची. ज्याचे बहुतांश काम या अ‍ॅपर्चरवर होते, त्याला शार्पनेससाठी महाग लेन्स घेण्याचे कारण उरत नाही; त्याने फ्लेअर (थेट प्रकाशाने येणारी चकाकी), वजन आणि फिल्टरचा व्यास पाहावा.

डीएक्सओमार्कची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव नगांच्या संख्येची आहे. तिथला आकडा त्यांच्या हाती आलेल्या लेन्सचा असतो, आणि दुकानातून आपल्या हाती येणारी लेन्स वेगळी असते. या बाबतीत अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्स या भाड्याने लेन्सेस देणाऱ्या कंपनीने, विशेषतः तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी, जे काम केले त्याला तोड नाही. भाड्याचा धंदा असल्याने एकेका लेन्सचे ढीगभर नग त्यांच्याकडे असतात. त्यांतले दहा नग ऑप्टिकल बेंचवर (लेन्स मोजण्याच्या यंत्रावर), कॅमेऱ्याविना, निरनिराळ्या कोनांत फिरवून मोजायचे आणि सरासरीच्या रेघेसोबत नगा-नगांतल्या फरकाचा पट्टाही छापायचा, अशी त्यांची पद्धत. या मोजण्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: प्राइमपेक्षा झूममध्ये नगा-नगांतला फरक सहसा जास्त असतो. दोन प्रतिस्पर्धी झूमच्या सरासरीत जेवढा फरक दिसतो, त्यापेक्षा त्यांतल्या एकीच्या दोन नगांतला फरक मोठा असेल, तर ‘ही की ती’ या वादात रात्र घालवण्यापेक्षा हाती आलेला नग तपासणे शहाणपणाचे. शिवाय बेंचवरची मोजणी अनंत अंतरावर होते, तर चार्ट (मोजणीसाठीचा छापील फलक) लावून केलेल्या मोजणीत रुंद लेन्स चार्टच्या अगदी जवळ न्यावी लागते. डोंगर आणि आकाश टिपणाऱ्यांसाठी म्हणूनच बेंचचे आकडे अधिक जवळचे आहेत.

पोलंडमधली लेन्सटिप ही चाचणी-सेवा मी तिसरा आधार म्हणून पाहतो. तिथले शार्पनेसचे आकडे दुसऱ्या बॉडीवरच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत, ही अडचण इथेही आहेच. पण कोमा व अ‍ॅस्टिग्मॅटिझम (कोपऱ्यातले ठिपके ताणणारे दोष), सूर्यासमोरचा फ्लेअर आणि ऑटोफोकस यांवर तिथे जेवढे सविस्तर लिहिले जाते, तेवढे डीएक्सओमार्कवर सापडत नाही. पावसाळा संपल्यावर सह्याद्रीत आकाशगंगा टिपायला जाणाऱ्याने कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात का, हे पाहिल्याशिवाय रुंद लेन्स घेऊ नये, आणि त्याचे उत्तर कुठल्याही एकूण गुणात नसते.

मोजणीच्या मर्यादेचे ठळक उदाहरण म्हणून निकॉनच्या एएफ-एस ५८ मिलिमीटर एफ/१.४जी या २०१३च्या लेन्सचे नाव घ्यावे लागेल. सपाट चार्टवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला ती तिच्या किमतीला शोभेल असे आकडे देत नाही, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या सिग्माच्या ५० मिलिमीटर एफ/१.४ आर्टने शार्पनेसमध्ये तिला सहज मागे टाकले. तरीही व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांमध्ये तिचा चाहतावर्ग टिकून आहे, कारण तिची आखणीच फोकसमधून बाहेर जाणाऱ्या भागाचे हळुवार संक्रमण साधण्यासाठी झालेली होती. चार्ट सपाट असतो, आणि चेहरा नसतो. यावरून ‘आकडे खोटे’ असे म्हणणारे लोक मला भेटतात, पण ते मला मान्य नाही; आकडे बरोबर आहेत, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत.

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्यांच्याकडेच लेन्सच्या गुणांची चर्चा सर्वांत जोरात चालते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० किंवा निकॉनची २००-५०० यांतले शार्पनेसचे फरक दशांशापर्यंत घोकले जातात. पण छायाचित्रात उतरणारा कॉन्ट्रास्ट हा लेन्स, सेन्सर, हालचाल आणि मधली हवा या सर्वांच्या आकड्यांचा गुणाकार असतो. सेन्सरवर २० मायक्रॉनइतकी, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर तीन-साडेतीन पिक्सेलइतकी प्रतिमा सरकली, की ३० रेषाजोड्यांवरचा कॉन्ट्रास्ट निम्मा होतो. मग लेन्स ०.६५ देणारी असो वा ०.७५ देणारी, हाती ०.३३ किंवा ०.३८ एवढेच येते. ६०० मिलिमीटरला ५० मीटरवरच्या पक्ष्याच्या बाबतीत २० मायक्रॉन म्हणजे पक्ष्याची पावणेदोन मिलिमीटरहूनही कमी हालचाल. भिगवणला उजनीच्या पाण्यावर, डुलणाऱ्या होडीतून फ्लेमिंगो टिपताना ही मर्यादा पाळणे किती अवघड आहे, हे तिथे गेलेल्यांना सांगायला नको. ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागली की उरलासुरला फरकही पुसला जातो. या वर्गातल्या लेन्सेस निवडताना मी शार्पनेसचा रकाना सर्वांत शेवटी पाहतो. त्याआधी ऑटोफोकसचा वेग, स्टॅबिलायझेशन, वजन आणि लांब टोकाचा टी-आकडा येतो.

प्रत्यक्ष खरेदीत या सगळ्याचा वापर असा होतो. समजा, क्रॉप बॉडीवर किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स) वापरणाऱ्या एखाद्याला घरगुती समारंभांसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्यायची की त्याच फोकल लेंथची एफ/१.४, हा प्रश्न पडला आहे. त्याने दोन्हींचा एकूण गुण न पाहता एकाच क्रॉप बॉडीवरची मोजणी उघडावी, अ‍ॅपर्चर दोन्हीकडे एफ/२वर ठेवावे, आणि शार्पनेसचा नकाशा, टी-आकडा व व्हिन्येटिंग एवढेच ताडून पाहावे. एफ/२ला दोघी सारख्या असतील, तर एफ/१.४च्या जादा पैशांत त्याला मिळते ते फक्त पाऊण स्टॉपच्या आसपासचे अंतर. ते अंतर त्याच्यासाठी किती मोलाचे आहे, हे तो आयएसओच्या भाषेत स्वतः ठरवू शकतो: १६००च्या जागी १०००. छायाचित्रे जर मोबाइलवरच पाहिली जाणार असतील, तर हा व्यवहार मी तरी करणार नाही.

लेन्स हातात घेतल्यावरची तपासणी मात्र कोणत्याही आकड्यावर सोडू नये. मुंबईत बोरा बाजारातून खरेदी करणाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिच्या दर्शनी भागावरच्या दगडी कोरीवकामाहून चांगला चार्ट शोधून सापडणार नाही. दुकानदाराला विचारून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, समोर लांब उभे राहावे, मधोमध फोकस करावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. चारही सारखेच मऊ असतील तर तो आराखड्याचा गुणधर्म. तीन स्पष्ट आणि एक धूसर असेल तर काच सरकलेली आहे, आणि त्या नगाऐवजी दुसरा मागावा. झूम असेल तर दोन्ही टोकांना हेच करावे. पुण्यात किंवा अन्यत्र भाड्याने लेन्स मिळत असेल, तर महागड्या खरेदीआधी एका कार्यक्रमापुरती ती भाड्याने घेणे उत्तम. फक्त भाड्याचा नग आणि दुकानातला नग एक नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

या सेवेचा आज सर्वाधिक उपयोग कोणाला होईल, असे विचाराल तर मी जुन्या लेन्सेस घेणाऱ्यांकडे बोट दाखवीन. डीएक्सओमार्कने गेल्या काही वर्षांत आपला मोर्चा मोबाइलचे कॅमेरे, आवाज, पडदा आणि बॅटरी यांच्याकडे वळवला आहे, आणि नव्या मिररलेस माउंटच्या लेन्सेसपैकी बऱ्याच तिथे सापडतच नाहीत. त्यांच्यासाठी लेन्सटिप आणि उत्पादकांचे आलेख यांवरच भिस्त ठेवावी लागते. याउलट कॅननच्या ईएफ आणि निकॉनच्या एफ माउंटच्या डीएसएलआर लेन्सेसची नोंद तिथे चांगली भरगच्च आहे, आणि मंडळी मिररलेसकडे वळत असल्याने नेमक्या त्याच लेन्सेस आता जुन्या बाजारात बऱ्या किमतीला येत आहेत. तिथले आकडे नव्या लेन्सवर घेतलेले होते, एवढे मात्र विसरू नये. कोकणात किंवा मुंबईत दहा पावसाळे काढलेल्या लेन्समध्ये बुरशीचे जाळे असेल, तर १० रेषाजोड्यांवरचा तो मोलाचा कॉन्ट्रास्ट सर्वांत आधी जातो. म्हणून अशा लेन्सचे अ‍ॅपर्चर उघडून, मागच्या बाजूने टॉर्च लावून, काच तिरकी धरून पाहावी, आणि पैशांचे बोलणे त्यानंतर काढावे.